रिकामा हौदा आणि डिझेलचा हिशेब

डिसेंबरात तीन आठवड्यांच्या सुट्टीवर अमेरिकेहून ठाण्याला आलो. बॅगा अजून उघडल्याही नव्हत्या, तोच मामेभावाचा फोन. "काय रे, तिकडे पेट्रोलचा पिकअप घेतलास म्हणे? डोकं ठिकाणावर आहे ना?"

दादाचा सगळा जन्म पिकअपच्या स्टिअरिंगमागे गेलाय. राहतो कोपरखैरण्याला. तुर्भ्याच्या मार्केटातून भाजी उचलायची आणि ठाण्यात घोडबंदर रोडच्या दुकानांना पोचवायची, हे रोजचं काम. शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा ओतूरहून माळशेज उतरून माल आणायचा. त्याच्या लेखी पिकअप म्हणजे डिझेल. पेट्रोलचा पिकअप म्हणजे उपासाच्या खिचडीत कांदा.

मी म्हटलं, "दादा, एक दिवस मला बरोबर ने, मग बोलू." तो म्हणाला, "दोनला खाली उभा राहा." दुपारचे दोन नव्हेत हे जरा उशिरा लक्षात आलं.

इथल्या वाचकांना आधी तिकडचं चित्र सांगतो. ओहायोत आमच्या गल्लीत सोळा घरं आहेत आणि नऊ घरांपुढे पिकअप उभे असतात. त्यांतल्या एकाच्याही हौद्यात मी आजवर पोतं पाहिलेलं नाही. शनिवारी गवत कापायचं यंत्र, कधीतरी जुना सोफा, एवढंच. बाकी दिवस पाच जण ऐसपैस बसतील अशा केबिनमध्ये एक माणूस आणि एक कॉफीचा कप. माझंही तेच. बर्फात चारही चाकं फिरणारी गाडी हवी, असं बायकोला सांगून घेतला. खरं कारण, हौस.

फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० या सगळ्यांना तिकडे 'हाफ टन' म्हणतात. कधीकाळी अर्धा टन माल न्यायचे म्हणून पडलेलं नाव. आज त्याहून बराच जास्त उचलतात, पण नाव चिकटलं ते चिकटलं. यांच्या वरचे २५०० आणि ३५०० वाले थोरले पिकअप वेगळे. त्यांत डिझेल असावं याबद्दल तिकडे कुणी वाद घालत नाही. रॅमच्या थोरल्या गाड्यांत, त्या डॉज म्हणून विकल्या जात तेव्हापासून, म्हणजे १९८९ पासून कमिन्सचं इंजिन बसतंय. वाद आहे तो धाकट्यांचा.

धाकट्यांत प्रयोग झाले, आणि चांगले झाले. २०१४ च्या मॉडेलपासून रॅम १५०० मध्ये तीन लिटरचं व्ही-६ डिझेल आलं. २०१८ ला फोर्डने एफ-१५० मध्ये आपलं आणलं. जनरल मोटर्सने २०२० च्या मॉडेलला तीन लिटरचं सरळ रेषेतलं सहा सिलिंडरचं डिझेल दिलं आणि त्याला हायवेवर गॅलनला ३३ मैल असा सरकारी आकडा मिळाला. आपल्या भाषेत लिटरला १४ किलोमीटर, आणि तेही अडीच टनांच्या आसपास वजनाच्या धुडाला! एवढं असून फोर्डने २०२१ नंतर डिझेल बंद केलं आणि रॅमने २०२३ च्या सुरुवातीला. जनरल मोटर्स तेवढी टिकून आहे.

मी घेताना दोन्ही चालवून पाहिले. डिझेलचा खरंच आवडला. पायाखाली घाई नाही, नुसतं दाबलं की म्हशीसारखा शांतपणे ओढतो. पण तीच गाडी डिझेलमध्ये तीन हजार डॉलरने महाग होती. मी घरी येऊन कागद घेतला. वर्षाला नऊ हजार मैल. पेट्रोलचा गॅलनला १८ मैल देणार, डिझेलचा २५. म्हणजे ५०० गॅलन पेट्रोल किंवा ३६० गॅलन डिझेल. त्या दिवशी नाक्यावरच्या पंपाच्या पाटीवर पेट्रोल ३.०९ डॉलर होतं आणि डिझेल ३.६९. गुणाकार केला तर वर्षाची बचत २१७ डॉलर. जास्तीचे तीन हजार वसूल व्हायला जवळजवळ चौदा वर्षं, आणि त्यात डिझेलचा धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाचा खर्च धरलेलाच नाही.

हो, तिकडे डिझेल महाग! हे इथे सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नाही. आपल्याकडे डिझेल म्हणजे गरिबाचं इंधन. ऑक्टोबर २०१४ पर्यंत त्याची किंमत सरकारच्या हातात होती आणि आजही ते पेट्रोलपेक्षा स्वस्तच आहे. अमेरिकेत केंद्राचा करच पेट्रोलवर गॅलनला १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४ सेंट. जून २०२२ मध्ये तर डिझेलची देशभराची सरासरी पावणेसहा डॉलरच्या पुढे गेली होती आणि पेट्रोल तेव्हा पाचच्या आसपास.

अडीच वाजता तुर्भ्याला भाजी मार्केटात पोचलो तेव्हा तिथे दिवस चांगलाच वर आलेला. हमालांची हाळी, ओल्या कोथिंबिरीचा वास, पाठीमागे येणाऱ्या गाड्यांचे भोंगे. टोमॅटोचे क्रेट, फ्लॉवरची पोती, वर मिरची, त्यावर ताडपत्री. हौद्याच्या कडेपर्यंत माल चढला तशी गाडी मागून बसली. दादाने मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांकडे एकदा वाकून पाहिलं आणि दोऱ्या आवळल्या.

ठाणे-बेलापूर रोडला लागल्यावर तो सुरू झाला. "आता बोल. एवढा माल घेऊन तुझं पेट्रोल ओढेल?"

ओढेल, पण पिईल किती! डिझेलची गंमत इथेच आहे. त्यात ठिणगी नसते, हवा दाबूनच इतकी तापवतात की डिझेल आपोआप पेटतं. हवेची वाट अर्धवट बंद करणारी झडप पेट्रोलसारखी लागत नाही, म्हणून इंजिनाचा जोर श्वास घेण्यातच खर्ची पडत नाही. कमी फेऱ्यांत जास्त ओढ मिळते. उलट, टर्बोवालं पेट्रोल रिकामं असताना शहाणं असतं, पण मागे ट्रेलर लावला की त्याचं अॅव्हरेज धाडकन खाली येतं. माझ्या ऑफिसातला एक जण दर शनिवार-रविवारी घोड्यांचा ट्रेलर ओढतो. त्याने डिझेल घेतलं आणि योग्यच केलं.

एक गोष्ट मात्र दादाला पटेना. लिटरमागचं अॅव्हरेज पाहणं ही थोडी फसवणूक आहे. एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण १३ टक्के ऊर्जा जास्त असते, आणि जाळल्यावर कार्बन डायऑक्साइडही जास्त: पेट्रोलचा २.३ किलोच्या वर, डिझेलचा २.७. म्हणजे त्या चांगल्या अॅव्हरेजचा काही भाग इंजिनाचा नव्हे, लिटर 'जड' असल्याचा. दादा म्हणाला, "पंपावर पैसे लिटरचे देतो मी. ऊर्जेचे नाही."

यावर मला उत्तर सुचलं नाही.

कळवा नाक्याला चहा घेताना त्याने विचारलं, "मग टोयोटाची हायलक्स का नाही घेतलीस? आता इथेही मिळते, डिझेलवर." तिकडे हायलक्स विकतच नाहीत. त्यामागे एक कोंबडी आहे, असं मी सांगितलं तेव्हा चहावालाही थांबून ऐकायला लागला. साठच्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढवली, म्हणून अमेरिकेने १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के कर बसवला. कोंबडीचं भांडण मिटलं, कर राहिला.

माजिवड्याच्या पुढे खरी कथा सुरू झाली. घोडबंदर रोडला लागल्यावर दर चारशे-पाचशे मीटरवर एक दुकान. थांब, दोन क्रेट उतरव, सही घे, पुढे. इंजिन चालूच. सहाच्या सुमारास रस्ता भरायला लागला आणि दादाच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटला.

"आलं पाहुणं," तो म्हणाला.

बीएस-६ ची गाडी आहे. एप्रिल २०२० पासून धुराचे हे नियम आले आणि सायलेन्सरच्या वाटेत काजळी पकडणारा फिल्टर बसला. तो भरला की आतली काजळी जाळायला सहाशे अंशांच्या घरातली उष्णता लागते आणि त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं एका दमात पळावी लागते. चारशे मीटरवर थांबणाऱ्या गाडीला ते कसं जमणार? दुर्लक्ष केलं तर इंजिन स्वतःच जोर कमी करून कासव होतं, मग गॅरेज आणि दिवसाचं भाडं बुडालं. अमेरिकेत हाच फिल्टर, वर युरियाची टाकी. युरिया उणे ११ अंशांना गोठतो, म्हणून टाकीत हीटर. जनरल मोटर्सच्या त्या डिझेलमध्ये सुरुवातीच्या मॉडेलांना तेलाच्या पंपाचा पट्टा दीड लाख मैलांना बदलायचा आणि तो गिअरबॉक्सच्या बाजूला, म्हणजे आधी गिअरबॉक्स उतरवा. धूर स्वच्छ करणं सोपं नाही, हे कंपन्यांनाही कळलं. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फियाट क्रायस्लरवर आरोप ठेवला की सुमारे एक लाख डिझेल रॅम आणि जीपमध्ये धूर नियंत्रणाचं सॉफ्टवेअर लपवून बसवलंय. २०१९ ला सुमारे ऐंशी कोटी डॉलरची तडजोड झाली.

मी विचारलं, "मग शहरात डिझेल फिरवतोसच कशाला?"

"कुठे फिरवतो? शहराला सीएनजीची गाडी आहे ना. ती पासिंगला गेलीय म्हणून आज ही काढली. ही फक्त ओतूरची."

म्हणजे मला रात्री दोनला उठवून ज्या मुद्द्यावर भांडत होता तो त्याने स्वतःच केव्हाच सोडला होता! शहरात सीएनजी, कारण स्वस्त पडतं आणि फिल्टरची कटकट नाही. रांगेत तासभर जातो तो ड्रायव्हर झोपेत काढतो. पण सिलिंडरचं वजन मालातून वजा होतं आणि घाट चढताना ती रडते, म्हणून माळशेजला डिझेल. हा हिशेब त्याने कागदावर कधी केला नसेल. सीटखालच्या पावत्यांच्या गठ्ठ्यावरून त्याला तो बसल्या जागी येतो.

साडेआठला शेवटची पालक उतरली. दिवा आता लुकलुकायला लागला होता. दादाने घड्याळ पाहिलं आणि घराकडे वळायच्या ऐवजी गाडी नाशिक हायवेला घातली. माणकोली-राजणोलीपर्यंत रखडलो, मग रस्ता मोकळा झाला. एक गिअर खाली ठेवून त्याने गाडी एकसारखी पळवली. मागे मोकळी ताडपत्री फडफडत होती. केबिनमध्ये आम्ही दोघं, हातात वाटेत घेतलेला चहा, कुठेही जायचं नाही, काहीही पोचवायचं नाही, नुसतं डिझेल जाळायचं.

दादा हसायला लागला. "घे. झाला की नाही तुझा अमेरिकेचा पिकअप?"

पडघ्याच्या अलीकडे दिवा विझला.