तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रक हायब्रीड घेऊ की गॅसचा?

मी ट्रक घेतला असं फोनवर आप्पांना सांगितलं तेव्हा पलीकडून क्षणभर आवाजच आला नाही. मग एकामागून एक प्रश्न सुरू झाले. सहाचाकी का दहाचाकी? ड्रायव्हर कोण ठेवलाय? माल कुठला उचलणार? परतीचं भाडं मिळतं का तिकडं? कराडमध्ये ट्रक म्हणजे ट्रक. ह्यूस्टनमध्ये ट्रक म्हणजे पुढे पाच माणसांची ऐसपैस केबिन आणि मागे उघडा हौदा, हे समजावल्यावर आप्पा म्हणाले, "मग टेम्पो म्हण की सरळ." आणि चालतो कशावर? इकडच्या सवयीने मी बोलून गेले, "गॅसवर." त्यावर त्यांनी सिलिंडर कुठे बसवलाय ते विचारलं. इकडे पेट्रोललाच गॅस म्हणतात, आणि माझा ट्रक हायब्रीड, म्हणजे गॅसवरही चालतो आणि थोडा विजेवरही, इथवर येईस्तोवर त्यांचं जेवण वाढून झालं होतं.

इथली मंडळी मात्र एकच प्रश्न विचारतात. फोन बहुतेक वेळा नवऱ्याला येतो. ट्रकचा विषय निघाला की तो मुकाट्याने फोन माझ्याकडे देतो, कारण ट्रक माझा आहे. शनिवार-रविवार डोहाळजेवणं, मुंजी, बारशी, गणपती यांच्या जेवणाच्या ऑर्डरी मी घेते, आणि ट्रक त्यासाठी आहे. "वहिनी, नवीन ट्रक ऑर्डर करतोय. हायब्रीड घेऊ की साधा गॅसचा? तुमचा अ‍ॅव्हरेज किती देतो?"

तर अ‍ॅव्हरेज आधी सांगून टाकते. माझा ट्रक फोर्ड एफ-150, 2021 चं मॉडेल, चारही चाकांना ताकद जाणारा. त्या वर्षी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, हायब्रीडला दिलेला आकडा गॅलनला 24 मैल. शहरात 24, हायवेला 24, सरासरीही 24. त्याच साडेतीन लिटरच्या टर्बो इंजिनाचा साधा ट्रक शहरात 18, हायवेला 23, सरासरी 20. वीस आणि चोवीस ऐकून माणूस लगेच म्हणतो, अरे वा, वीस टक्के वाचले! आता वर्षाला 15,000 मैल धरा. साध्याला 750 गॅलन लागतील, हायब्रीडला 625. वाचले 125 गॅलन. तीन डॉलरचा भाव धरला तर वर्षाला 375 डॉलर, म्हणजे महिन्याला एकतीस. चौघं एकदा थाळी खायला गेलात की संपले. हायब्रीडसाठी दोन-तीन हजार डॉलर जास्त मोजायचे असतील तर ते वसूल व्हायला साधारण साडेपाच ते आठ वर्षं जातात.

हायवेचे आकडे पुन्हा बघा. 23 आणि 24, फरक एका मैलाचा. एफ-150 मध्ये 2.7 लिटरचं लहान टर्बो इंजिनही येतं, त्याचा त्या वर्षीचा हायवेचा आकडाही 24 च होता. ह्यूस्टनजवळच्या केटीहून आय-10 हायवे धरून रोज तीस मैल जायचं आणि तीस मैल यायचं, तेही मागे रिकामा हौदा घेऊन, अशा एका गृहस्थांनी मला विचारलं होतं. मी त्यांना 2.7 सांगितलं. खरं तर ट्रकच घेऊ नका असं सांगायचं होतं, पण त्यांच्या बायकोने आधीच डोळ्यांनी गप्प केलं.

हायब्रीडची कमाई थांबत-थांबत चालण्यात आहे. ब्रेक दाबला की एरवी उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती मोटर बॅटरीत परत ढकलते आणि पुढच्या सिग्नलला तीच वापरते. हायवेवर ब्रेकच लागत नाही, मग परत मिळवायचं काय? आणि बॅटरी म्हणजे काही मोठी कोठी नव्हे. ती दीड किलोवॅट-तासाची आहे. आपल्या वीजबिलाच्या भाषेत दीड युनिट! इंजिन, टर्बो, ऑइल, दहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सगळं जागच्या जागी आहे, त्या गिअरबॉक्सात 35 किलोवॅटची एक मोटर बसवली आहे, इतकंच. त्यामुळे "हायब्रीडला मेंटेनन्स कमी ना?" या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. ऑइल तेवढंच बदलावं लागतं. हायब्रीडच्या भागांना आठ वर्षं किंवा एक लाख मैलांची वॉरंटी आहे. त्यानंतरचं त्यानंतर.

मग मी का घेतला? प्लगांसाठी.

ट्रकच्या हौद्यात घरातल्यासारखे प्लग आहेत. साध्या इंजिनाच्या ट्रकला ही सोय जास्तीत जास्त 2 किलोवॅटची मिळत होती. हायब्रीडला 2.4 मूळचीच, आणि वर पैसे भरले तर 7.2 किलोवॅट. हे आकडे बहुतेक लोक वाचतात आणि सोडून देतात. मी ते माझ्या ऑर्डरींच्या वहीत मांडले. जेवण गरम ठेवायचे माझे दोन वॉर्मर आहेत, प्रत्येकी 1,500 वॉटचे. दोन्ही लावले की झाले 3,000. म्हणजे 2 किलोवॅट गेलं, 2.4 सुद्धा गेलं. वर चटणीचा मिक्सर 750 वॉट, चहाची मोठी किटली 1,500, आणि शिवाय उत्साही यजमान विचारणार, "ताई, आमचा स्पीकर जरा लावू का?" तेव्हा 7.2 ला पर्याय नव्हता. पूर्वी पार्कमधल्या कार्यक्रमांना भाड्याचा जनरेटर न्यायचे. मंगलाष्टकं चालू असताना मागे तो फटफटतोय, भटजी मधेच थांबून माझ्याकडे बघतायत, असं एकदा झालंय. आता वॉर्मर लावले की ट्रक बराच वेळ गप्प असतो. दीड युनिटातलं बरंचसं संपलं की इंजिन आपोआप सुरू होतं, थोडा वेळ घुरघुरतं, बॅटरी भरली की बंद. भार जास्त असला तर ते जास्त वेळ चालतं. पूर्ण 7.2 किलोवॅट ओढलं तर ती बॅटरी एकटी जेमतेम बारा मिनिटं पुरेल, मग इंजिनच राबतं. सगळी वीज शेवटी गॅसच्या टाकीतूनच येते.

पहिल्यांदा वापरला तेव्हा इंजिन अचानक सुरू झालं आणि ट्रक कोणी चोरून नेतंय असं वाटून एक आजोबा धावत आले होते.

आता गॅसवाल्यांची बाजू, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर खालच्या बाजूला एक पिवळी-पांढरी चिठ्ठी चिकटवलेली असते: माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. माझ्या चिठ्ठीवर 1,543 आहे. याला पेलोड म्हणतात. ट्रेलर ओढायचा तर त्याच्या दांडीचं जे वजन ट्रकच्या शेपटावर पडतं, तेही यातच धरायचं. ट्रेलरच्या वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के. माझा ट्रेलर भरल्यावर चार हजार पौंडांचा, म्हणजे दांडीवर सुमारे 480. आम्ही तिघं मिळून 480. हौद्यात पातेली, बर्फाच्या पेट्या, पाण्याचे कॅन असे 400. झाले 1,360. उरलं किती ते बघा, आणि यात अजून कोणाची मावशी बसलेली नाही.

आमच्याच ओळखीतले एक जण साडेआठ हजार पौंडांचा कॅम्पिंगचा ट्रेलर घेणार होते. ब्रोशरमध्ये हायब्रीड 12,700 पौंडांपर्यंत ओढतो असं लिहिलं होतं, हे त्यांना पाठ होतं. ओढेल, त्याबद्दल वाद नाही. 570 पौंड-फूट टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर आहे, साध्या साडेतीन लिटरला 500. पण साडेआठ हजारांचे तेरा टक्के म्हणजे अकराशे पौंड दांडीवर आले. घरातली चौघं सहाशे पौंड. माझ्यासारखी चिठ्ठी असेल तर डबा-बाटली ठेवायच्या आधीच हद्द ओलांडली. बॅटरी आणि मोटर स्वतःचं वजन घेऊन येतात, शिवाय चामड्याच्या सीटा, काचेचं छत अशी चैन वाढवली की चिठ्ठीवरचा आकडा आणखी उतरतो. त्यांना मी साधं साडेतीन लिटरचं इंजिन, जास्त पेलोडचं पॅकेज आणि कमी चैन असं सांगितलं. त्यांना ते फारसं रुचलं नाही. काचेचं छत हवंच होतं.

ऑर्डरबद्दल थोडक्यात. मी एप्रिल 2021 मध्ये दिली. गाड्यांतल्या इलेक्ट्रॉनिक चिप्सचा तुटवडा होता, अर्धवट तयार ट्रक मैदानांत उभे होते. मला चार महिने थांबावं लागलं. पहिल्या डीलरने ठरलेल्या किमतीवर "बाजारभावाचा फरक" म्हणून तीन हजार चढवले, तेव्हा मी शांतपणे दुसरीकडे गेले. किंमत ऑर्डर देतानाच लिहून घ्या, तोंडी नको. आणि डीलरच्या आवारात उभा असलेला ट्रक आवडला म्हणून घेऊ नका. त्यात 7.2 आहे की 2.4, हे विक्रेत्याला नव्हे, गाडीच्या काचेवरच्या कागदाला विचारा.

एप्रिलमध्येच का, तर फेब्रुवारी. त्या वर्षीच्या थंडीत टेक्सासची वीज कोसळली तेव्हा आम्ही तीन दिवस अंधारात, तीन-तीन स्वेटर घालून बसलो होतो. त्याच आठवड्यात फोर्डने इथल्या डीलरांना, तुमच्याकडचे प्लगवाले ट्रक लोकांना वापरायला द्या असं सांगितल्याची बातमी आली. गॅरेजमध्ये गाडी किंवा जनरेटर चालू ठेवून विषारी वायूने माणसं गेल्याच्याही बातम्या त्याच आठवड्यातल्या. म्हणून हे ठळक सांगते: असा ट्रक वीज द्यायला लावायचा तो बाहेर, उघड्यावर. दार उघडं ठेवलेलं गॅरेजही चालत नाही.

8 जुलै 2024 ला बेरिल वादळ आलं. ह्यूस्टन परिसरात बावीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. आमची सहा दिवस नव्हती. सतरा तारखेला आषाढी एकादशी, साबुदाणा खिचडीची ऑर्डर घेतलेली, फ्रीझरमध्ये खवलेला नारळ आणि आंब्याचा रस. घराच्या वायरिंगला ट्रक थेट जोडायचा नाही, त्याला वेगळा स्विच बसवावा लागतो आणि न्यूट्रल वायरच्या जोडणीची भानगड सोडवावी लागते, हे इलेक्ट्रिशियनने आधीच बजावलं होतं. मी तो खर्च टाळला होता. त्यामुळे जाड एक्स्टेन्शन वायरी ओढल्या: एक फ्रीझरला, एक फ्रीजला, एक झोपायच्या खोलीतल्या खिडकीच्या एसीला. सेंट्रल एसीचा विचारही केला नाही. ट्रक रात्रभर आणि दुपारी चालवायचा, बाकी वेळ बंद. सहा दिवसांत अर्धी टाकी गेली.

समोरच्या घरात एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांचा ट्रक व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाचा आहे, आणि माझा ट्रक आला तेव्हा "हे असलं बॅटरीचं खेळणं" असं ते हसून म्हणाले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ते कॉफीचं मशीन काखेत धरून ड्राइव्हवेमध्ये उभे. हौद्यातला एक प्लग रिकामा होता. कॉफी होईस्तोवर त्यांनी ट्रकला एक चक्कर मारली, टायर बघितले, वाकून खाली बघितलं आणि विचारलं, "काय मायलेज देतो हा?"