मेगाब्लॉकचा रविवार आणि ते 'विचित्र' संगीत – माझा अनुभव

एक्स्पेरिमेंटल म्युझिक म्हणतात ते, म्हणजे नेहमीचे नियम सोडून केलेलं प्रयोगाचं संगीत, एकदा नीट, शेवटपर्यंत ऐकायचं हे माझ्या डोक्यात कधीपासून होतं. यादी मोबाईलमध्ये पडून होती, पण लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकायला घ्यावं तर मुलुंड यायच्या आत माझं बोट नेहमीच्या गाण्यांवर जाणार हे ठरलेलंच. मग परवाच्या रविवारी मेगाब्लॉक, बाबा गावाला, ठाण्याला नौपाड्यातल्या घरात मी आणि आई दोघीच, म्हटलं आज होऊनच जाऊ दे. नियम दोनच केले. फोन कपाटात, आणि एकदा लावलेलं मधेच पुढे ढकलायचं नाही. हेडफोन मुद्दाम वापरले नाहीत, कारण आईने गांधर्वच्या विशारदपर्यंत परीक्षा दिल्यात आणि ती काहीतरी बोलणार, ते मला ऐकायचं होतं.

मी टेरी रायली या अमेरिकन संगीतकारापासून सुरुवात करणार होते. आईने यादी वाचली आणि म्हणाली, यात तोडी दिसतेय, सकाळचा राग, मग ती आत्ताच लाव, दुपारी लावलीस तर मी ऐकणार नाही. ती तोडी पंडित प्राणनाथांची, १९६८ चं रेकॉर्डिंग. हे किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. आपल्या हिराबाई बडोदेकर पण वहीद खाँसाहेबांकडेच शिकल्या, म्हणजे दोघं गुरुबंधू-भगिनी झाले, तरी आपल्याकडे प्राणनाथांचं नाव फारसं कोणी घेत नाही. पुढे ते अमेरिकेत गेले आणि तिथे ला माँट यंग हा दुसरा संगीतकार आणि टेरी रायली हे त्यांचे गंडाबंध, म्हणजे रीतसर गंडा बांधलेले, शागीर्द झाले. म्हणजे माझ्या यादीतली अर्धी 'विचित्र' माणसं फिरून किराण्यालाच येऊन भेटतात, आणि हे मला आईच्या हट्टामुळे सकाळीच कळलं. आलाप इतका संथ की चहा गार झाला तरी गडी अजून गंधाराजवळच. आई म्हणाली, "किराणाच आहे हा, पण याला कुठे पोचायचंच नाहीये."

हे वाक्य दिवसभर कामाला आलं.

मग रायलीचं 'इन सी', १९६४ चं. यात एकूण ५३ छोटे तुकडे आहेत, सगळ्यांनी तेच वाजवायचे त्याच क्रमाने, पण कुठला तुकडा किती वेळा घोळवायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. मागे एक सूर टकटक टकटक चालू राहतो, बाकी कंडक्टर वगैरे कोणी नाही. आम्ही १९६८ ची अकरा वादकांची रेकॉर्ड लावली, पाऊण तासाला जरा कमी आहे. पहिली दहा मिनिटं वैताग. आईचा हात मांडीवर ताल धरायला जातो आणि सुटतो, माझं पण तेच, कारण आपल्या कानाला लहानपणापासून सवय की कितीही लांब फिरून आलं तरी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणार, मान हलणार. इथे सम नाहीच! आणि मला वाटतं लोक अशी गाणी मधेच बंद करतात ते यामुळेच, आवाज कर्कश असतो म्हणून नाही. आवाज छान होते उलट. वाट बघून आपण दमतो.

आईने मधेच ताल धरणं सोडलं आणि भलतंच सुरू केलं, कोण मागे राहिलंय ते शोधायला लागली. "तो ट्रम्पेटवाला बघ अजून तिथेच आहे, बाकीचे गेले पुढे." मग मीही तेच करायला लागले आणि शेवटची वीस मिनिटं कशी गेली कळलं नाही.

दुपारी मामलेदारची मिसळ पार्सल आणली, त्यावर ताक, आणि थोडं लोळणं.

उठल्यावर पिएर शेफर. हा फ्रेंच रेडिओतला इंजिनिअर, १९४८ मध्ये याने पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनावर इंजिनांचे आवाज रेकॉर्ड केले आणि त्यांच्या तबकड्या जोडून तीन मिनिटांच्या आतली एक रचना केली. तेव्हा टेप हाताशी नव्हती, सगळं तबकडीवर, आणि तबकडीची खाच गोल बंद करून टाकली की सुई तिथल्या तिथे फिरत तोच आवाज परत परत देते, आज आपण लूप म्हणतो ते. ज्या ठाण्याला १८५३ पासून आगगाडीचा आवाज माहितीये तिथे बसून हे ऐकायला मला भारी वाटलं, आईला अजिबात नाही. तिचं म्हणणं, हे खिडकीतून फुकट येतं.

पण शेफरचा दुसरा एक प्रयोग तिला पटला, कारण तो आम्ही घरीच केला. त्याने घंटेच्या आवाजातला सुरुवातीचा ठोका कापून टाकला होता आणि उरलेला आवाज घंटेसारखा राहिलाच नाही. मी कपाटातून फोन काढला (एवढ्यापुरता), आईने देवघरातली घंटा एकदा वाजवली, लॅपटॉपवर ऑडॅसिटी नावाच्या आवाज कापाकापीच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलं. लाट दिसते ना, सुरुवातीला एकदम टोक आणि मग लांबच लांब उतरती शेपूट, तर ते टोक सिलेक्ट करून डिलीट. वाजवलं तर घंटा गायब, कोणीतरी लांबून पेटीचा एक सूर दाबून धरल्यासारखं. आईने तीनदा वाजवायला लावलं. "म्हणजे आपण ठोक्यावरून ओळखतो होय, नादावरून नाही!" आता हे वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तर विसरले असते.

चित्रांचं मी वेगळं ठरवलं होतं पण ते यातच मिसळलं. चित्रकार नसरीन मोहमदींच्या रेघा स्क्रीनवर बघत होते, शाई-पेन्सिलीच्या बारीक समांतर रेघा, बहुतेकांना नाव नाही, तारीख नाही. बडोद्याला शिकवायच्या, १९९० मध्ये गेल्या त्या आपल्या अलिबागजवळच्या किहीमला. स्क्रीनवर त्या रेघा झूम करून काही हाती लागेना, म्हणून माळ्यावरून इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरचा मिनी ड्राफ्टर, समांतर रेघा मारायचं साधन, काढला, तोच तो, ज्याचा स्क्रू कधीच नीट आवळला जात नाही. आणि स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराचं 'पियानो फेज' लावलं, १९६७ चं. दोन पियानो, बारा सुरांचा एकच तुकडा, पण दुसरा वादक किंचित जलद होत होत एक सूर पुढे सरकतो, तिथे थोडा टिकतो, मग पुन्हा सरकतो. कानाला ते सरकताना नुसता गोंधळ वाटतो. मी शीटवर ५ मिमी अंतराने रेघा मारल्या, ट्रेसिंग पेपरवर साडेचार मिमीने, आणि एकावर एक ठेवलं. पहिली रेघ पहिलीवर, मग हळूहळू फाटत जातात, मधे एकमेकींच्या बरोबर मधोमध, आणि ४५ मिमीवर परत एकत्र, पण तोवर वरच्या कागदाने एक रेघ जास्त घेतलेली. झालं, हाच तो सरकणारा पियानो! नंतर कागद बोटाने सरकवत परत ऐकलं तेव्हा गोंधळ उरला नाही, जाळीतले पट्टे चालताना दिसतात तसेच कानात चालले. रेघा मारायला तासभर गेला, मान आखडली, आणि नसरीनबाईंनी हे वर्षानुवर्षं कसं केलं असेल याचा जरा अंदाज आला.

संध्याकाळी जॉन केज या अमेरिकन संगीतकाराचं '४ मिनिटं ३३ सेकंद' केलं, १९५२ चं, ज्यात वादक काहीच वाजवत नाही आणि तुम्ही आजूबाजूचं ऐकायचं. खरं सांगू, नौपाड्यात हे वाया जातं, आम्हाला रिक्षाचे हॉर्न आणि शेजारच्यांचा टीव्ही रोजच ऐकू येतो. त्यापेक्षा मला केजला शिकवणाऱ्या बाईंमध्ये जास्त रस, गीता साराभाई, अहमदाबादच्या, पखवाज वाजवायच्या. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी त्याला आपलं संगीत सांगितलं आणि त्याच्याकडून पाश्चात्य शिकल्या. पुढे १९६९ मध्ये त्यांच्याच अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत चक्क मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं वाद्य, आला, केजचा साथीदार डेव्हिड ट्यूडरने बसवून दिला, आणि त्यावर आपल्या लोकांनी केलेल्या टेप्स २०२३ मध्ये अल्बम म्हणून बाहेर आल्या. त्यातलं जिनराज जोशीपुरांचं 'स्पेस लायनर २००१' जरूर ऐका. यात सम शोधायचा विचारही मनात आला नाही, दिवसभराची सवय झाली होती बहुतेक.

शेवटी चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा आपल्या मुंबईचा माणूस, १९८२ मध्ये याने रोलंड कंपनीच्या सिंथेसायझर मशीनवर दहा राग डिस्को ठेक्यात वाजवले, तेव्हा कोणी विचारलं नाही, २०१० मध्ये रेकॉर्ड परत निघाली तर परदेशात लोक वेडे झाले, कारण पुढे शिकागोत ॲसिड हाऊस म्हणून जे इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत आलं ते हुबेहूब असंच वाजतं. मला वाटलं आई उठून जाणार. ती यमन संपेपर्यंत बसली, स्वर मोजत, आणि म्हणाली, "नियम कुठे मोडला नाहीये हो." लिंक मागून घेतली. भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलीये, निळ्या टिक्स आल्यात, रिप्लाय अजून कोणाचा नाही.