खाड्यांच्या हिशेबाने

कोकणच्या किनाऱ्याने सायकल चालवायची म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर समुद्राला लागून जाणारा, माडांच्या सावलीतला सपाट रस्ता उभा राहतो. मांडव्यापासून तेरेखोलपर्यंतचा हा मार्ग मी दोन वेळा सलग आणि तुकड्यातुकड्यांनी अनेकदा सायकलवरून केला आहे. तसा रस्ता मला दिवेआगर आणि श्रीवर्धन यांच्या दरम्यान शेखाडीच्या बाजूला भेटला, पुढे आडे-पाडल्याकडे थोडासा भेटला, आणि बाकी सारा प्रवास खाडीतून सड्यावर, म्हणजे उंच कातळपठारावर, व सड्यावरून पुढच्या खाडीत असाच झाला. या मार्गाची आखणी करताना दिवसाला किती किलोमीटर होतील हे आधी पाहू नये, किती खाड्या लागतील ते पाहावे, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

याचे कारण कोकणच्या जमिनीत आहे. सह्याद्रीवर उगम पावणाऱ्या नद्या अगदी थोड्या अंतरात समुद्राला मिळतात, त्यांच्या मुखांतून भरतीचे पाणी कित्येक मैल आत शिरते, आणि अशा दोन खाड्यांच्या मधे जांभ्या दगडाचे सडे शंभर-दीडशे मीटर उंचीवर पसरलेले असतात. मुंबई-गोवा महामार्ग सावित्रीला महाडपाशी, वाशिष्ठीला चिपळूणपाशी आणि शास्त्रीला संगमेश्वरापाशी, म्हणजे त्यांची पात्रे अरुंद असतानाच ओलांडतो. किनाऱ्याने जाणाऱ्याला मात्र याच नद्या त्यांच्या मुखाशी, पूर्ण रुंदीने भेटतात. रेवसपासून रेडीपर्यंतच्या ज्या सागरी महामार्गाची कल्पना बॅ. अंतुले यांनी मांडली, त्याचे तुकडे या खाड्यांमुळेच इतकी वर्षे एकमेकांना नीट जोडले गेले नाहीत. ते जोडण्याचे काम फेरीबोटी करतात. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे आणि तवसाळहून जयगड अशा चार बोटी उत्तरेकडून येणाऱ्या सायकलस्वाराला लागतात, आणि मांडव्याला येताना घेतलेली मुंबईची बोट धरली तर त्या पाच होतात.

उत्तरेकडून दक्षिणेकडेच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात, पण त्यांचा अर्थ मला सायकलवर बसल्यावर कळला. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीकडून येणारा वारा हलका आणि थंड असतो, अकरा-बाराच्या सुमारास तो पडतो, आणि दुपारनंतर वायव्येकडून समुद्राचा वारा सुरू होतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या तो पाठीशी किंवा उजव्या खांद्याशी राहतो. उलट दिशेने, वेंगुर्ल्याहून मालवणकडे, मी एकदाच गेले आहे. पायांवरचा तो भार पुन्हा घ्यायची माझी तयारी नाही.

सायकल महागडी असण्याची गरज नाही, पण तिचा सर्वांत हलका गिअर खरोखरच हलका असला पाहिजे, कारण खाडीतून वर येणारे चढ लांब नसले तरी अतिशय उभे असतात आणि दिवसात असे पाच-सहा चढ होतात. ब्रेकचे रबर नवे असावेत. टायर जरा रुंद, निदान ३५ मिलिमीटरचे असावेत, कारण जांभ्याची खडी डांबरातून सुटून वळणावर साठलेली असते. आणि चेन रोज संध्याकाळी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून तिला तेल द्यावे. खाऱ्या हवेत एका रात्रीत चेनवर तांबूस गंज धरतो, हे मी मुरूडला पहिल्याच मुक्कामात पाहिले.

सामानाची वाटणी हाही एक महत्त्वाचा विषय आहे आणि तो मी चूक करून शिकले. पहिल्या सफरीत सगळे सामान मी मागच्या दोन पिशव्यांत भरले होते. वेश्वीला बोटीतून उतरून केळशीकडे जाताना एका उतारावर मागच्या चाकातून तार तुटल्यासारखा आवाज आला आणि चाक ब्रेकला घासू लागले. एक स्पोक तुटला होता. माझा भाऊ बरोबर होता. आम्ही सायकल ढकलत तीनेक किलोमीटरवरच्या गावात गेलो आणि तिथे किराणा दुकानाच्या पडवीत सायकलदुरुस्ती करणारे एक काका भेटले. त्यांनी चाक काढून, सायकल उलटी करून, तिच्याच फ्रेममध्ये ते परत बसवले आणि सावकाश फिरवत एका हाताने रिमजवळ खडू धरला. जिथे रिम बाहेर येत होती तिथे खडूची रेघ उमटली. मग त्यांनी एकेक स्पोक बोटाने छेडून पाहिला, जणू तंबोरा लावत आहेत असा. सैल स्पोकचा आवाज बसका येतो आणि ताणलेल्याचा खणखणीत, हे त्या दिवशी मला समजले. "ताई, आउट बराच आलाय. असंच नेलं असतंत तर दुसरेही स्पोक गेले असते," ते म्हणाले. आउट म्हणजे चाकाचा वाकडेपणा. बरोबर नेलेल्या जादा स्पोकपैकी एक बसवून त्यांनी तासाभरात आउट काढून दिला. तुटलेला स्पोक गिअरच्या विरुद्ध बाजूचा होता म्हणून काम निभावले, गिअरच्या बाजूचा असता तर दातेरी चकत्या उतरवण्याचे खास हत्यार लागले असते. तेव्हापासून मी ते हत्यार, चार स्पोक आणि एक खडू बरोबर ठेवते, आणि निम्मे सामान पुढच्या चाकावर लावते.

या सगळ्या मार्गात हरिहरेश्वर ते दाभोळ हा टप्पा मला सर्वांत प्रिय आहे, आणि तो एका दिवसात उरकण्याचा मोह टाळावा. बागमांडल्याला बोटीची वाट पाहत धक्क्यावर बसले की समोर बाणकोटच्या बाजूचा डोंगर दिसतो, सुकती, म्हणजे ओहोटी, असेल तर काठाची काळी चिखलवट उघडी पडलेली असते आणि तिच्यावर बगळे हिंडत असतात. बोट आली की तिचा पुढचा पत्र्याचा फळा धक्क्यावर टेकतो, गाड्या उतरतात, आणि मग चढण्याची वेळ येते तेव्हा सायकलवाल्याने घाई करू नये. गाड्या लागल्यावर कठड्याशी उरलेल्या जागेत सायकल उभी केली की कोणाची अडचण होत नाही आणि कठड्याला टेकून खाडी पाहता येते. पुढे केळशीची वाळूची टेकडी, अंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णैच्या किनाऱ्यावरचा मासळीचा लिलाव आणि त्यामागे पाण्यात उभा सुवर्णदुर्ग, हे सारे सायकलच्या एका दिवसाच्या आवाक्यात आहे. सड्यावर चढताना दम लागतो म्हणून थांबावे तर जांभ्याच्या गडग्यापलीकडे मोहोरलेली आंब्याची कलमे असतात, आणि थांबल्याबद्दल वाईट वाटत नाही.

श्रीवर्धनच्या परिसरात मात्र अजूनही मन हळहळते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. लावलेली पोफळ सुपारी धरायला पाच-सहा वर्षे तरी घेते. पूर्वी ज्या रस्त्यावरून दुपारीही सावलीतून जाता यायचे, तिथे वादळानंतर प्रथम गेले तेव्हा डोक्यावर लख्ख आकाश होते. या गावांत घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या कुटुंबांकडेच मुक्काम करावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

दाभोळ ओलांडल्यावर गुहागर, वेळणेश्वर, हेदवी असे करत तवसाळला यावे, पलीकडे जयगड, आणि मग गणपतीपुळ्याहून आरे-वारेमार्गे रत्नागिरी. आरे-वारेच्या उतारावर वाहनांची गर्दी फार झाली आहे, म्हणून तिथून सकाळी आठच्या आत जावे, एवढेच सांगते. रत्नागिरीच्या दक्षिणेला पावस आणि पूर्णगड मागे टाकून कशेळीच्या सड्यावर आले की रस्त्याचे स्वरूप बदलते. झाडे विरळ होतात, वाळलेले गवत आणि काळा कातळ क्षितिजापर्यंत दिसतो. याच कातळात माणसाने फार प्राचीन काळी खोदलेली चित्रे आहेत, आणि रत्नागिरी व राजापूर तालुक्यांतली अशी अनेक कातळशिल्पे आता अभ्यासकांनी नोंदवली आहेत. कशेळीचा कोरीव हत्ती इतका मोठा आहे की जवळ उभे राहून तो हत्ती आहे हे पटकन उमगत नाही. त्याच्या कडेने चालत गेल्यावर सोंड, पाय, पोट असे भाग सापडतात आणि पोटात आणखी प्राणी खोदलेले दिसतात. अशा जागी कातळावर सायकल नेऊ नये, ती रस्त्याकडेलाच ठेवावी.

जैतापूरनंतर वाघोटण नदी ओलांडली की सिंधुदुर्ग जिल्हा लागतो. विजयदुर्ग, देवगड, तारामुंबरीचा पूल, कुणकेश्वर, आचरा, मालवण हा भाग सुंदर आहे आणि सोयीचाही, कारण इथे बहुतेक खाड्यांवर पूल झाले आहेत. उत्तरेकडच्या खाड्यांवरही मोठे पूल बांधण्याच्या योजना आहेत. पलीकडच्या गावातल्या आजारी माणसाला रात्री दवाखाना गाठायचा असेल तर पूल हवाच, याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. त्या पुलांवर पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी वेगळी, कठड्याने विलग केलेली पट्टी मात्र आराखड्यातच असावी. खाडीवरच्या उघड्या वाऱ्यात, शेजारून डंपर जात असताना, सामानाने भरलेली सायकल सरळ रेषेत ठेवणे किती अवघड असते हे मी अनुभवले आहे, आणि पूल बांधून झाल्यावर अशी पट्टी सहजासहजी जोडता येत नाही.

परतीसाठी सावंतवाडी किंवा कुडाळहून कोकण रेल्वे सोयीची पडते. सायकल लगेज म्हणून आदल्या दिवशीच चौकशी करून नोंदवावी, दिवा आणि बाटल्या काढून घ्याव्यात आणि सीटच्या दांड्याला नाव व स्थानक लिहिलेली चिठ्ठी घट्ट बांधावी. पण त्याआधी शिरोड्याहून रेडीमार्गे तेरेखोलच्या किल्ल्यापर्यंत अवश्य जावे. तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर असूनही हा किल्ला गोव्यात आहे. त्याच्या पायथ्याच्या धक्क्यावरून केरीला जाणारी बोट या वाटेवरची शेवटची. मागच्या खेपेला आम्ही पोहोचलो तेव्हा ती नुकतीच सुटली होती, म्हणून सायकली भिंतीला टेकवून आम्ही पुढच्या बोटीपर्यंत धक्क्यावर बसून राहिलो, आणि भावाने पिशवीतून फडके काढून दोन्ही चेन पुसायला घेतल्या.