जुन्या ब्लू स्ट्रीकचा पंप: नवा वायसर टाकला तरी लिव्हर उचलतोच

शेरिडनची ही 5 मिमीची ब्लू स्ट्रीक (लिव्हरने पंप मारून हवा भरायची छऱ्याची बंदूक) हातात आली तेव्हा आठ पंप मारूनही छर्रा कसाबसा नळीबाहेर पडायचा, लिव्हर पण अगदी हलका जायचा, म्हणजे पंपाच्या पिस्टनवरचा वायसर हवा धरत नव्हता हे उघडच होतं. नळी रिकामी आहे ना ते बघितलं, कॉक करून सुरक्षित दिशेला एकदा फायर केलं, मगच लिव्हरची पुढची पिन काढली. पिस्टन बाहेर आला तर वायसरच्या कडा कडक होऊन तडकलेल्या. नवा टाकला, 30 ग्रेडच्या नॉन-डिटर्जंट तेलाचे दोन थेंब दिले (गंज सोडवायचा स्प्रे इथे अजिबात मारू नका, सील फुगतात), आणि पहिले चार पंप इतके मस्त बसले की काम झालं असंच वाटलं.

पण सहाव्या पंपापासून लिव्हर बंद करून हात सैल केला की टक्कन बोटभर वर यायचा, सातव्याला जास्त, आठव्याला त्याहून जास्त.

पहिला संशय चेक व्हॉल्व्हवर, म्हणजे भरलेली हवा मागे येऊ न देणाऱ्या झडपेवर गेला, सगळ्यांचा जातो. तो गळत असेल तर व्हॉल्व्हमधली हवा मागे पंपात येते आणि लिव्हर हळूहळू सरकत उघडतो. माझा झटक्यात उचलत होता आणि मग तिथेच थांबत होता. तरी खात्री म्हणून तीन पंप मारून रात्रभर ठेवली, सकाळी ओल्या कागदांच्या गठ्ठ्यात फायर केलं, मग लगेच ताजे तीन पंप मारून परत, दोन्ही छर्रे सारखेच आत गेले. व्हॉल्व्ह निर्दोष.

मग राहिली पिस्टनचं तोंड आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट. पिस्टनच्या तोंडावर प्लास्टिसिनची गोळी लावून लिव्हर बंद केला, चपटी झालेली चकती कॅलिपरने मोजली, 0.3 मिमी. एवढी चालते. इथे माझे दोन दिवस गेले, कारण प्लास्टिसिन मऊ असतं, ते पिस्टनला मागे ढकलतच नाही, दाबलेली हवा मात्र चांगली ढकलते. हे लक्षात आलं ते पिस्टन हातात धरून सहज मागेपुढे हलवला तेव्हा, लिव्हर एकदम स्थिर आणि पिस्टन खडखड करतोय! दोन्ही पिनांचा मिळून 0.9 मिमी प्ले, म्हणजे ढिलेपणा. लिंकचं (लिव्हर आणि पिस्टन जोडणाऱ्या पट्टीचं) भोक उजेडात धरलं तर चक्क लांबट झालेलं, आणि पिनेच्या मधोमध नखाला लागेल अशी खाच.

म्हणजे दाबाखाली खरी फट 1.2 मिमी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशोब करून बघा, स्ट्रोक 150 मिमी धरला आणि हवा 60 पट दाबली तर ती अख्खी हवा फक्त 2.5 मिमी जागेत मावते. त्यातले 1.2 मिमी फटीतच अडकले तर त्या पंपाची जवळजवळ निम्मी हवा व्हॉल्व्हमध्ये जातच नाही, तिथेच स्प्रिंगसारखी बसते आणि लिव्हर उचलते. पंप वाढतील तसा दाब वाढतो म्हणून उचलणंही वाढतं. सगळं जुळलं.

भोकं रीमरने (भोक नेमक्या मापाला आणायच्या हत्याराने) गोल करून घेतली, अगदी जेमतेम, आणि त्या मापाच्या जरा जाड पिना सिल्व्हर स्टीलच्या रॉडमधून कापल्या, टोकं पॉलिश पेपरने गुळगुळीत केली. पिना अंगठ्याने दाबून बसतील इतक्याच टाइट ठेवा, ठोकून बसवल्या तर लिंक जाम होते. भोक मोठं करताना ते मधोमधच राहिलं पाहिजे, एका बाजूला गेलं तर फट परत वाढेल, त्यामुळे हे काम सावकाश करा, घाई नको.

काल जोडून बघितली. आठव्या पंपाला लिव्हर बंद केला, हात काढला, जागचा हलला नाही. शेवटचे दोन पंप आधीपेक्षा जड जातात, कारण आता हवा खरोखर आत जातेय. ओल्या गठ्ठ्यात आठ पंपांचा छर्रा आधीच्या जवळपास दीडपट खोल गेला. व्हॉल्व्ह मी खोललेला नाही आणि तो हवा धरतोय तोवर खोलणारही नाही. एक पंप भरून ठेवलीय, पुढच्या आठवड्यात पिना परत काढून कुठे घासल्याची खूण दिसते का ते बघतो.