हत्ती बसला मोळीवर

अंगणवाडीत वाढदिवसाला केक नसला तरी मुलांचं काही अडत नाही. गाणं मात्र लागतंच, आणि तेही अचरट, वेडंवाकडं, ज्यात घडू नये ते सगळं घडतं असं. मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात सेविका आहे. जवळ साखर कारखाना आहे, त्यामुळे दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात, गावाबाहेर पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात आणि माझ्या पटावर नवी नावं चढतात. त्यातल्याच एका पोराचा हा वाढदिवस.

कोपीवर सगळे त्याला बाळ्या म्हणत. त्याच्याबरोबर सात-आठ वर्षांची बहीण यायची, कडेवर तान्हं घेऊन. आईबाप पहाटे अंधारात फडावर जात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक जण घरी राहिला तर कोयताच मोडतो, मग मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल फिटायची कशी? म्हणून तान्हं हिच्या कडेवर. बाळ्याला आत सोडायची आणि स्वतः चौकटीला टेकून उभी राहायची. मी बोलावलं की एक पाऊल आत यायची, तान्हं कुरकुरलं की परत बाहेर. पण तिचं लक्ष सगळं आत असायचं. मी चित्रं दाखवताना तिचे ओठ हलताना मला दिसायचे.

नाव नोंदवताना मी आईला जन्मतारीख विचारली होती. "भोगीच्या दिशी झाला, फडातच," ती म्हणाली. "दुपारपातूर मोळ्या बांधीत होते." तिनं पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं कार्ड काढलं. त्यावर 13 जानेवारी लिहिलेलं होतं. आमच्या गावातल्या जुन्या माणसांपैकी कितीतरी जणांचा वाढदिवस 1 जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. ह्या माउलीनं जिल्हे ओलांडतानाही पोराची खरी तारीख जपून ठेवली होती. मी ती तेव्हाच कॅलेंडरवर लिहून ठेवली.

भोगीला मदतनीस ताईंनी बोरन्हाणाची तयारी केली. बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, तिळाच्या रेवड्या आणि उसाचे करवे. आदल्या रात्री भरलेली गाडी कारखान्यावर अजून खाली झाली नव्हती, त्यामुळे टोळीला सकाळ मोकळी होती आणि बाळ्याची आईही आली. कपाळावर पदर ओढून, भिंतीला टेकून, अगदी कोपऱ्यात बसली.

गावातल्या पोरांनी लगेच "हॅपी बर्थडे" सुरू केलं. ते गाणं मुळात आमच्यासारख्याच बालवाडीच्या बाईंचं. अमेरिकेतल्या लुईव्हिलला पॅटी हिल आणि त्यांची बहीण मिल्ड्रेड यांनी "गुड मॉर्निंग टू ऑल" हे सकाळच्या नमस्काराचं गाणं केलं. ते 1893 मध्ये छापलं गेलं आणि त्याच चालीवर पुढे वाढदिवस चढला. मला त्या दोघींविषयी आदर आहे. पण तिसऱ्या ओळीत, जिथं मुलाचं नाव येतं, तिथंच सूर एकदम सप्तकभर वर उडी मारतो. चार वर्षांच्या गळ्याला ती उडी पेलत नाही. पोरं ओरडतात आणि ज्याचं नाव घ्यायचं त्याचंच नाव गोंगाटात बुडतं. बाळ्या तर त्या ओरडण्यानं बिचकून आईकडे धावला.

म्हणून माझं गाणं चार-पाच सुरांत बसवलेलं असतं. पोरं हाका मारतात, चिडवतात, त्याच चालीवर. टाळी घ्यायची आणि म्हणायचं:

वाढदिवसाला आला उंट,
खाऊन बसला पोतंभर सुंठ!
नाक लागलं गळायला,
उंट लागला पळायला!

दुसरं कडवं म्हशीचं:

वाढदिवसाला आली म्हैस,
म्हणते बाळ्या इथंच बैस!
शेपटीनं घातला वारा,
ताटामध्ये वाढला चारा!

अशा गाण्याचा एक नियम मी कटाक्षानं पाळते. वेडेपणा पाहुण्यानं करायचा, वाढदिवसाच्या मुलानं नाही. मोठी माणसं हौसेनं मुलालाच माकड, गाढव म्हणत गातात आणि सगळे हसतात. त्या वेळी त्या मुलाच्या तोंडाकडे बघा. आपल्या दिवशी आपल्यालाच का हसतात, हे त्याला कळत नाही. उंटानं सुंठ खाल्ली की मात्र ते मूल शहाणं ठरतं, कारण त्याला कळतं की असं कुणी करत नसतं. लहानग्यांना हे लगेच जमत नाही. तीन वर्षांचं मूल उंट शोधायला खरंच दारात जाऊन बघतं. पाच वर्षांचं मूल पोट धरून हसतं, कारण त्याला जग नीट कसं असतं ते आता पक्कं ठाऊक असतं. ते हसणं ऐकलं की मी समजते, पोरगं पुढं सरकलं.

त्या दिवशी म्हशीनंतर मी बाळ्यासाठी नवीन ओळ टाकली:

वाढदिवसाला आला हत्ती,
तोडून बांधल्या मोळ्या किती?

"धा!" "शंभर!" "हज्जार!" पोरं ओरडायला लागली. तेवढ्यात दारातून आवाज आला, ठणठणीत.

"बाई, हत्ती मोळी कशानं बांधन? सोंडंनं गाठ बसत नसती!"

सगळी पोरं वळून बघायला लागली. बाळ्याची बहीण तान्ह्याला घेऊन आत आली, पार मध्यापर्यंत. तान्हं मदतनीस ताईंच्या मांडीवर ठेवलं, खाली सांडलेले चार करवे उचलून फरशीवर मोळीसारखे मांडले, दोन वाढी, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, पिळल्यासारखं करून दाखवलं आणि गाठ कशी मारतात, गुडघा कुठं द्यायचा, हे पोरांना सांगितलं. बंध वाढ्याचाच करायचा, वाढं ओलं असलं तर गाठ घट्ट बसती, वाळलं की तुटतं. एवढ्याशा बोटांना ते सगळं येत होतं. माझा जीव कसानुसा झाला. पण तिच्या चेहऱ्यावर निव्वळ आनंद होता. ह्या खोलीत पहिल्यांदाच तिला येणारं काहीतरी इथं कुणालाच येत नव्हतं.

मी म्हटलं, "मग हत्तीनं काय करायचं गं?"

तिनं क्षणभरही विचार केला नाही.

हत्ती बसला मोळीवर,
मुकादम बसला पोळीवर!

काय हशा उठला! गावातल्या पोरांना मुकादम कोण ते ठाऊक नव्हतं, त्यांना पोळीवर बसणं पुरलं. बाळ्याला मात्र मुकादम पुरेपूर ठाऊक होता. तो फरशीवर आडवा पडून हसत होता, मुठीतली बोरं सांडत होती. आणि कोपऱ्यातल्या त्याच्या आईनं पदर तोंडात कोंबला. आधी तिनं दाराकडे बघितलं, "आगं हळू, कुणी ऐकन," म्हणाली, आणि मग तिलाही आवरेना. खांदे हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ज्या माणसानं हाक मारली की मध्यरात्री गाडी भरायला उठायचं, तो पुरणपोळीवर बसलेला तिला दिसत असणार. पोरांनी "पुन्हा, पुन्हा" करत ते किती वेळा म्हटलं कोण जाणे. मग बाई पोळीवर बसल्या, मदतनीस ताई बसल्या, आहारातली खिचडीसुद्धा बसली.

माझ्या खोलीच्या भिंतीला लागूनच जिल्हा परिषदेची शाळा आहे. त्याच दुपारी मी बाळ्याच्या बहिणीसाठी गुरुजींना गाठलं. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्यातही वयानुरूप वर्गात घ्यायचं आणि दाखल्यासाठी अडवायचं नाही, हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे, 2009 पासून. गुरुजी तयारच होते. प्रश्न होता तान्ह्याचा. मदतनीस ताईंनी खोलीत झोळी बांधली. आमच्या कामाच्या यादीत पाळणाघर नाही, पण झोळी बांधली. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवली ती ह्याचसाठी: धाकट्याला सांभाळणारं पोर एकटं शाळेत येऊच शकत नाही. इतक्या वर्षांनंतरही दर हंगामात हजारो मुली कडेवर भावंड घेऊन कोप्यांपुढं उभ्या असतात, ह्याचा मला राग येतो आणि तो यायलाच हवा.

आईला समजावायला वेळ लागला नाही. सकाळच्या हसण्यानं अर्धं काम केलं होतं. "जाऊ द्या," म्हणाली, "घरी बसून तरी गाणीच रचती." हंगाम संपून टोळी परतताना गुरुजींनी पोरीच्या हातात शिक्षण हमी कार्ड दिलं, म्हणजे तिकडच्या शाळेत पुढचं नाव लागायला अडचण नको. आईनं ते बाळ्याच्या कार्डाबरोबर त्याच प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलं.

यंदा टोळी पुन्हा आली. पोरगी आता दप्तर घेऊन सरळ शाळेत जाते, पण पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या दारात हजर. म्हणाली, "बाई, ते म्हशीचं चुकलंय. चारा कशाला? सीझनला म्हशी वाढं खात्यात." आणि उभ्या उभ्या नवीन कडवं देऊन गेली. सध्या गावातल्या प्रत्येक वाढदिवसाला आम्ही तेच म्हणतो:

वाढदिवसाला आली म्हैस,
म्हणते बाळ्या इथंच बैस!
शेपटीनं वारं काढी,
ताटामध्ये वाढं वाढी!