पासवर्ड टाकला, पण दिसेना

अमळनेरला माझा फोटो स्टुडिओ आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि माझ्या जुन्या मशीनवर ११ चालेना. दिवाळीला आलेल्या भाच्याने त्यावर विंडोजऐवजी उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली टाकून दिली. "मामा, लग्नाचे फोटो एकेक करून काय लहान करता? टर्मिनल शिका, एका ओळीत होतं," म्हणाला आणि पुण्याच्या गाडीत बसला.

कंट्रोल-ऑल्ट-टी दाबलं की काळी खिडकी उघडते, तेच टर्मिनल; तिथे माउसऐवजी हुकूम टाइप करायचे. एलएसने फायली दिसतात, सीडीने फोल्डरात शिरायचं. पीडब्ल्यूडी म्हणजे आमच्याकडे रस्त्याचं खातं, इथे मात्र आपण कुठे उभे आहोत ते कळतं. हे सगळं तासाभरात जमलं.

मग इमेजमॅजिक हा फोटो लहान करणारा प्रोग्राम टाकायला सुडोची, म्हणजे मालकाच्या अधिकाराने चालणारी, ओळ लिहिली. पासवर्ड मागितला. मी बोटं आपटतोय आणि पडद्यावर ना अक्षर, ना ठिपका. एंटर मारलं तर 'सॉरी, ट्राय अगेन'. तिसऱ्यांदा चुकल्यावर ओळच बंद. मला वाटलं, की-बोर्ड गेला. कळा उपसून ब्रशने धूळ काढली. तरी तेच. दुकानात नेला, तर त्या गृहस्थाने जोडूनही न बघता नवा गळ्यात मारला, ४५० रुपये. घरी आलो, पुन्हा तेच! आबा दारातून दोनदा विचारून गेले, "काय व्हयनं रे?" त्यांना काय सांगू?

रात्री भाच्याला फोन लावला. तो हसला. "दिसत नाहीच मामा, मुद्दाम. मागे उभ्या माणसाला अक्षरं मोजताही येऊ नयेत म्हणून." अरे, मग जाताना हे सांगायला काय झालं होतं? बरं, एवढं कळूनही पासवर्ड चुकतच होता. शेवटी तो म्हणाला, टेक्स्ट एडिटर उघडा आणि तिथे लिहून बघा. अक्षरं उमटली, शेवटचे चार आकडे नाहीत! हिशेबाची सवय, आकडे मी उजवीकडच्या पॅडवरूनच मारतो, आणि नम लॉकचा दिवा बंद, म्हणजे त्या पॅडवरून आकडे उमटतच नाहीत. मशीन सुरू होताना पासवर्ड मागत नाही, म्हणून आजवर कळलंच नव्हतं.

फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर सीडी अडतं. दोन अक्षरं लिहून टॅब दाबा, बाकीचं नाव ते स्वतः भरतं. वरचा बाण दाबला की मागची ओळ परत येते. कंट्रोल-सी इथे कॉपी करत नाही, चालू काम थांबवतं. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: मॉग्रिफाय (फोटो लहान करायचा इमेजमॅजिकचा हुकूम) मूळ फोटोवरच लिहितं, म्हणून आधी फोल्डरची कॉपी काढा. आरएम या पुसायच्या हुकुमाने उडवलेलं कचरापेटीत जात नाही.

दुसऱ्या दिवशी एका लग्नाचे आठशे फोटो चहा होईस्तोवर लहान झाले. जुना की-बोर्ड परत जोडलाय. नवा मात्र दुकानदार परत घेत नाही.