मारुती व्हॅन १९८६: मागच्या दाराचे गॅस शॉकर, मोजमापापासून फिटिंगपर्यंत

पत्र्याचं काम आणि रंग उरकल्यावर पाळी आली मागच्या दाराची, म्हणजे ते उघडं धरून ठेवणाऱ्या गॅसभरल्या दोन दांड्यांची, गॅस शॉकरची. १९८४ ला आलेली ही व्हॅन १९८८ पासून ‘ओम्नी’ नावाने विकली गेली आणि २०१९ पर्यंत बनत राहिली, त्यामुळे दुकानात शॉकरची वानवा नाही. दुकानदार त्याला ‘डिकी शॉकर’ म्हणतो, पार्ट लिस्टमध्ये तोच ‘बॅक डोअर बॅलन्सर’ असतो. अडचण वेगळीच आहे. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या जोड्यांची लांबी साधारण सारखी असते, जोर मात्र नाही. म्हणून खरेदीआधी मोजपट्टी आणि वजनकाटा.

आधी जुन्यांची तपासणी. दुपारी दार टिकतं आणि पहाटे हळूहळू खाली येतं, हे झिजेचं पहिलं लक्षण. आतला नायट्रोजन तापमानाप्रमाणे दाब बदलतो, दर अंशाला साधारण ०.३४ टक्के. शॉकरवर छापलेला जोर २० अंशांचा असतो. महाबळेश्वरच्या १० अंशांच्या सकाळी तो साडेतीन टक्क्यांनी कमी भरतो, चंद्रपूरच्या ४५ अंशांत साडेआठ टक्क्यांनी जास्त. एवढ्याशा फरकाने दार पडत असेल, तर शॉकर काठावर आलाय असं समजा.

दांड्यावर तेलाचा ओला पट्टा दिसला तर सील गेलं. रंगकाम झालेल्या गाड्यांत आणखी एक कारण हमखास सापडतं: उघड्या दांड्यावर उडालेला स्प्रेचा रंग. वाळलेल्या रंगाचे कण आत जाताना सील कापतात. डेंटिंग-पेंटिंगला गाडी देताना शॉकर काढून ठेवावेत, निदान दांड्याला मास्किंग टेप तरी गुंडाळावी. पेंटर हे आपणहून करेल या भरवशावर राहू नये.

आता जोराचं गणित. दाराला खालून लाकडी टेका द्या, दोन्ही शॉकर उतरवा. आतला ट्रिम, वायपर, नंबर प्लेट, स्पीकर, जे कायम राहणार ते सगळं दारावर असू द्या. दार आडवं धरून खालच्या कडेला बॅगा तोलायचा डिजिटल काटा अडकवा आणि सरळ वर ओढा. या दारावर काट्याने ६.५ किलो दाखवले, आणि बिजागरीच्या रेषेपासून काट्याचं अंतर भरलं ९५ सेंमी. मग शॉकरची टोकं ज्या गोल डोक्याच्या बोल्टांवर बसतात त्या दोन्ही बॉलमधून दोरी ताणून बांधली आणि बिजागरीपासून त्या दोरीवर गुण्या लावून काटकोनातलं अंतर घेतलं: १४ सेंमी. ६.५ गुणिले ९५, भागिले १४, म्हणजे ४४ किलो. दोन शॉकरमध्ये वाटले की प्रत्येकी २२. त्यावर १५ टक्के राखीव धरून सुमारे २५.४ किलो, म्हणजे २५० न्यूटन. हे आकडे या दाराचे आहेत. तुमच्या दारावर काच, पुटी किंवा जाड पत्र्याचा पॅच वेगळा असेल तर उत्तर बदलेल, तेव्हा मोजूनच घ्या.

‘थोडा जास्त जोर असला तर बरंच’ हा सल्ला गॅरेजमध्ये फुकट मिळतो. तो ऐकू नका. गरजेपेक्षा जोरकस शॉकर दार दणक्यात उघडतो. बंद करताना तो दाराच्या कडांना वर रेटत असतो आणि आपण मधोमध खाली दाबत असतो, त्यामुळे चौकट वाकायला लागते. जुन्या व्हॅनमध्ये बिजागरीखालचा पत्रा गंजाने आधीच पातळ झालेला असतो, आणि चीर तिथेच पडते. एकच शॉकर बदलून दुसरा जुना ठेवला तर दार पिळतं, मग एका बाजूची फट रुंद आणि दुसरीकडे रंग घासलेला. बदलायचे तर दोन्ही, एकाच जोडीतले.

जोडी घेतल्यावर ती घरच्या वजनकाट्यावर तपासा. शॉकर दांडा खाली करून काट्यावर उभा धरा, वरच्या टोकावर लाकडाचा तुकडा ठेवून दाबा आणि सावकाश परत येऊ द्या. पूर्ण उघडायला पाचेक मिमी उरलेले असताना थांबून आकडा वाचा. दाबत जाताना सीलच्या घर्षणाने आकडा फुगतो, तो धरू नका. जोडीतल्या दोघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर परत करा. हे काम भिंतीच्या कोपऱ्यात करा, सटकला तर जोरात उडतो.

लांबी दोन ठिकाणी बघायची. पूर्ण उघडलेल्या शॉकरची लांबी बॉलच्या मध्यापासून मध्यापर्यंत घ्या. ती जास्त झाली तर दार प्रमाणाबाहेर वर जाऊन छताच्या कडेला टेकतं. दुसरं माप बंद दाराचं, आणि इथे व्हॅनचा फायदा असा की माणूस आत बसू शकतो. दोन पातळ पट्ट्या एकमेकींवर ठेवून रबर बँडने बांधा, टोकं दोन्ही बॉलना टेकवा आणि दार बंद करा. पट्ट्या सरकून जी लांबी उरेल ती बंद अवस्थेची. शॉकर पूर्ण दाबला असता त्याची लांबी याहून निदान ५ ते १० मिमी कमी असायला हवी. नाहीतर लॉक लागण्याआधीच शॉकर तळाला टेकतो आणि पुढचा प्रत्येक धक्का बॉलचा बोल्ट खातो.

बॉल व्हर्नियरने मोजा. सर्रास दिसतात ते १० मिमीचे बॉल एम८ (८ मिमी) आट्यांवर, लहान ते ८ मिमीचे एम६ वर. अंडाकृती झिजलेल्या बॉलवर नवा सॉकेट, म्हणजे शॉकरच्या टोकाची वाटी, टिकत नाही. एम८ साठी १३ नंबरचा पाना लागतो. खांबातला नट आतूनच वेल्ड केलेला असतो, म्हणून गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री भेदक तेल मारा आणि पाना पुढे-मागे खेळवत काढा. नट फिरायला लागला तर ट्रिम उचकटून वेल्डिंग करावं लागेल, आणि नवा रंग जळेल. आटे एम८ गुणिले १.२५ च्या टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) साफ करून, थोडं गंजरोधक मेण लावून, साधारण २० न्यूटन मीटरला कसा.

बाकी फिटिंग सोपं. सॉकेटवरची स्प्रिंग क्लिप बारीक स्क्रू ड्रायव्हरने तीन-चार मिमी उचला, पूर्ण काढू नका, नाहीतर ती हरवते किंवा वाकते. शॉकर उतरवण्याआधी दांडा कोणत्या बाजूला आहे त्याचा फोटो काढा आणि तसाच बसवा. आतल्या थोड्या तेलाने सील ओलं राहावं आणि शेवटच्या टप्प्यात दार सावकाश थांबावं, अशा हिशेबाने कंपनीने ती दिशा ठरवलेली असते. दांडा पक्कडीत धरू नये, त्यावर ग्रीसही लावू नये, धूळ चिकटते. ग्रीस फक्त सॉकेटच्या वाटीत, मुगाएवढं.

उतरवलेले शॉकर रिकामे समजू नका. ८ मिमी दांड्यावर २५० न्यूटन म्हणजे आत सुमारे ५० बार, टायरच्या ३० पीएसआयच्या जवळजवळ चोवीस पट. जोर निम्मा झाला तरी कापणं, तापवणं, ड्रिल मारणं धोक्याचंच. भंगारवाल्याला देताना आत गॅस आहे हे स्पष्ट सांगा.

बसवल्यानंतरची स्थिती: दार साधारण एक तृतीयांश उघडल्यावर स्वतःहून वर जातं, पहाटेच्या गारव्यातही टिकतं, आणि एका हाताने बंद होतं. लॉकपाशी मात्र अजून थोडा रेटा लागतो. तो शॉकरचा नाही, कारण बंद अवस्थेत शॉकरची रेषा बिजागरीच्या इतकी जवळ येते की जोर जवळपास उरतच नाही. नवी रबर बीडिंग अजून बसलेली नाही. ती दबली की हा रेटा कमी होईल.